भोंगा: हवा कापणारे यंत्र आणि कृष्णाकाठ

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. २०२२ सालच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर या गावाने एकत्र बसून ठरवले, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. साडेआठला पुन्हा भोंगा झाला की बंदी उठते. ही बातमी जगभर गेली आणि तिच्यावर चर्चाही पुष्कळ झाली. ती बहुतेक सगळी मोबाईलच्या व्यसनाबद्दल होती. गावाने हे काम ज्या साधनावर सोपवले, त्याची चौकशी फारशी कोणी केली नाही. घराघरांत फोन होते, त्या फोनवर गावाचा एखादा गट सहज करता आला असता, सात वाजता निरोप धाडता आला असता. तरी गावाने छपरावरून ओरडणारे साधन निवडले. ही निवड जुन्या सवयीतून आली असे म्हणून ती सोडून देणे चुकीचे ठरेल. एकाच क्षणी, कोणाच्याही खिशात काही असो वा नसो, सगळ्या गावाला एकच गोष्ट सांगायची असेल, तर त्यासाठी दीडदोनशे वर्षांत घडत आलेले हे साधन आजही पुरते आहे. ते का पुरते, हे कळायला त्याच्या पोटात शिरावे लागते.

पुढील पानांचा विषय म्हणजे जुन्या बनावटीचे, मोटरने किंवा हाताने फिरणारे, उघड्यावर बसवलेले सायरन. त्यांचे सुटे भाग, बनावटी आणि दुरुस्ती यांचा तपशील तिथे क्रमाने येईलच. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. इशारा देणाऱ्या यंत्राची खरी किंमत त्याच्या डेसिबलच्या आकड्यात नसते. ते बिघडल्यावर तालुक्याच्या गावात दुरुस्त होते का आणि त्याचा आवाज ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा आहे का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत ती असते. या दोन्ही कसोट्यांवर जुना यांत्रिक सायरन आजच्या पुष्कळ साधनांपेक्षा खरा उतरतो. म्हणूनच कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात त्याची जागा भंगारात नाही, पूररेषेच्या वर बांधलेल्या एखाद्या पक्क्या छपरावर आहे.

यंत्र समजायला किर्लोस्करवाडीच्या माणसाला दोन मिनिटे पुरतील. वडगावच्याच सांगली जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला, आणि तिथल्या सेंट्रिफ्युगल पंपांनी कृष्णाकाठची शेती उभी केली. पंपात पाणी मधोमध शिरते, फिरणारी पाती त्याला कडेला भिरकावतात आणि ते जोराने बाहेर पडते. सायरन हाच पंप आहे, फक्त पाण्याच्या जागी हवा आहे. मधल्या तोंडातून हवा आत ओढली जाते आणि फिरत्या चाकाची, म्हणजे रोटरची, पाती तिला बाहेर फेकतात. फरक एवढाच, की सायरनच्या रोटरच्या कडेला ठरावीक अंतरावर खिडक्या कापलेल्या असतात आणि त्याच्याभोवती तशाच खिडक्यांचे एक स्थिर कडे असते, ते स्टेटर. रोटर फिरताना खिडकीसमोर खिडकी आली की हवेचा झोत सुटतो, खिडकीसमोर भिंत आली की तोडला जातो. ही सोडतोड सेकंदाला काही शे वेळा होते आणि हवेच्या या तुकड्यांचाच आवाज होतो. इथे पडदा थरथरत नाही, तार छेडली जात नाही. गिरणीच्या वाफेच्या शिट्टीत वाफ एका धारेवर आदळून घुमते; तिला आपण भोंगाच म्हणतो, पण तिची चाल निराळी. सायरनमध्ये हवा सरळसरळ कापली जाते. १८१९ साली फ्रान्सच्या कान्यार द ला तूर याने भोके पाडलेली चकती फिरवून हे तत्त्व मांडले तेव्हा त्याला धोक्याचा इशारा द्यायचा नव्हता, स्वराची कंपने मोजायची होती. त्याचे ते उपकरण पाण्याखालीही वाजत असे.

मोजमापाचा तो गुण यंत्रात अजून शाबूत आहे. खिडक्यांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे, एवढ्या हिशेबात सायरनचा स्वर सापडतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची मोटर मिनिटाला २८५० च्या आसपास फेरे घेते, म्हणजे सेकंदाला साडेसत्तेचाळीस. रोटरला १२ खिडक्या असतील तर ५७० हर्ट्झचा स्वर निघतो, १० असतील तर ४७५ चा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सायरनमध्ये मधे मोटर आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक रोटर असे, एक १० खिडक्यांचा, दुसरा १२ चा. एकाच दांड्यावर असल्याने दोघांचा वेग कायम सारखा राही, म्हणून दोन स्वरांचे नातेही कधी ढळत नसे: सहास पाच. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कोणाही कारागिराला हे प्रमाण सांगितले तर तो लगेच ओळखेल, की हा षड्ज आणि कोमल गंधार. वेग चढतो तसा षड्ज वर सरकतो आणि गंधार त्याच्या मागोमाग, अंतर न मोडता. एकट्या स्वराच्या कारखान्याच्या भोंग्यापासून हा जोडस्वर कान चटकन वेगळा काढतो. खिडकीच्या कडा काटकोनी कापल्या असतील तर झोत एकदम सुटतो, एकदम तुटतो, त्यामुळे मूळ स्वराबरोबर वरचे स्वरही दाटतात आणि आवाजाला धार येते. इथे सुतारकाम, ओतकाम आणि संगीत या तिन्हींचा निर्णय एकाच कानशीने होतो, आणि मला हे यंत्र सुंदर वाटते ते यासाठी.

पण या यंत्राची खरी करामत त्याच्या वजनात आहे. बटण दाबल्याबरोबर जड रोटर पूर्ण वेग घेऊ शकत नाही. त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात स्वर खर्जातून वर चढत जातो. वीज तोडली की रोटर आपल्याच जडपणाने फिरत राहतो आणि स्वर तसाच सावकाश खाली येतो. पंख्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने स्वर चढताना आवाजही मोठा होत जातो. उंची आणि जोर दोन्ही एकत्र वाढतात आणि एकत्र ओसरतात, म्हणून ती लांबलचक मींड ऐकणाऱ्याला आपल्या दिशेने येत असल्यासारखी वाटते. धोक्याचा वरखाली होणारा आवाज आणि धोका टळल्याचा सरळ एकसुरी आवाज, ही महायुद्धात रुळलेली आणि आपल्याकडे नागरी संरक्षणाच्या कामात आजही चालणारी संकेतांची जोडी याच जडपणातून जन्मली. वरखाली आवाज काढायला वेगळे यंत्र लागत नाही. बटणावरच्या माणसाने काही सेकंद वीज द्यायची, काही सेकंद काढायची. चढउतार रोटर स्वतः आखतो. आज इलेक्ट्रॉनिक सायरनमध्ये हाच आवाज चिपमध्ये भरून ठेवतात. चार पिढ्यांच्या कानांत लोखंडाच्या जडपणाने जो आवाज बसवला, त्याचीच ती नक्कल आहे.

अंतराचे गणित मात्र निर्दय आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने पडतो. तीस मीटरवर ११० डेसिबल देणारा सायरन साठ मीटरवर १०४ देतो, एकशेवीसवर ९८, आणि किलोमीटरभर गेल्यावर कागदोपत्री ८० च्या आसपास येतो. प्रत्यक्षात घरे, झाडे आणि वारा त्यातूनही वजा करतात. भर दुपारी तापलेली जमीन आवाजाला वर वळवते, तर रात्री आणि पहाटे थंड हवा त्याला जमिनीलगत धरून ठेवते; एकच भोंगा पहाटे पुढच्या गावापर्यंत पोचतो आणि दुपारी वेशीवरच विरतो. स्वर फार उंच ठेवला तर हवाच तो लवकर शोषते, फार खाली ठेवला तर यंत्र अवाढव्य होते. म्हणून बहुतेक जुने सायरन चारशे ते सहाशे हर्ट्झच्या पट्ट्यात आढळतात. हे गणित ताकदीने जिंकायचा प्रयत्नही झाला. १९५२ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १८० अश्वशक्तीचे आठ सिलिंडरचे इंजिन जोडून सायरन केला. शंभर फुटांवर त्याचा आवाज १३८ डेसिबल होता. तो जपायला इंजिनाचा मिस्त्री लागे, पेट्रोल लागे, बॅटरी लागे. त्यातून जो धडा निघतो तो मला आपल्या मुलखासाठी महत्त्वाचा वाटतो: एका राक्षसी भोंग्यापेक्षा गावोगावी एकेक मध्यम भोंगा बरा, कारण तो त्या गावाच्या हातातला असतो.

हातातला म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. मोटरवर चालणाऱ्या सायरनमध्ये ना गिअर, ना पट्टा; रोटर थेट मोटरच्या दांड्यावर बसतो. झिजण्याजोगी वस्तू एकच, बेअरिंग. जळण्याजोगी वस्तूही एकच, मोटरचे वाइंडिंग. रोटर आणि स्टेटर यांच्यामधली फट हे या यंत्राचे मर्म. ती जास्त झाली तर खिडकी बंद असतानाही हवा गळते आणि आवाज बोथट होतो. कमी असली तर बेअरिंग थोडे ढिले पडताच रोटर कड्याला घासतो. घासल्याची खूण पावडरीसारख्या चकचकीत चुऱ्यातून आणि स्टेटरच्या आतल्या बाजूच्या ओरखड्यातून दिसते. वीज बंद करून रोटर बोटाने फिरवून पाहिला की कुठे अडतो ते लगेच समजते. तोंडावरची जाळी फाटली तर पाखरे आत घरटे करतात. वर्षभर न वाजलेला भोंगा गवताच्या काड्यांनी गच्च भरलेला असतो, आणि पहिल्याच दाबाला मोटर नुसती घुमून फ्यूज उडवते. हे सगळे दोष डोळ्यांना दिसतात, कानांना ऐकू येतात. व्होल्टेज फारच पडले असेल तर रोटर पूर्ण वेगाला पोचत नाही आणि स्वर खालीच घुटमळतो, म्हणजे यंत्र आपली तब्येत आपल्याच आवाजात सांगते. पलूस, कराड, इस्लामपूर, कुठेही पाण्याच्या मोटरी भरून देणारा वायरमन हा सायरन उघडून दुरुस्त करू शकतो. त्याला पुस्तिका लागत नाही, कंपनीचा माणूस लागत नाही.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो, तो विजेचा. महापूर आला की पहिल्यांदा जाते ती वीज. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णाकाठची वीज उपकेंद्रे पाण्यात गेली. अशा वेळी मोटरवरचा सायरन मुका होतो, तर बॅटरीवरचा इलेक्ट्रॉनिक सायरन बोलत राहतो. शिवाय तो मराठीत बोलू शकतो, "गाव सोडा, शाळेत जमा व्हा" असे स्पष्ट सांगू शकतो. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि मी त्यांतला एकही खोडून काढणार नाही. जिथे तो बसवता येतो आणि सांभाळता येतो तिथे तो जरूर बसवावा. पण बॅटरीला वय असते. वर्षातून दोनदा वाजणाऱ्या साधनातली बॅटरी मेली आहे हे बहुधा नेमके हवे असते त्याच रात्री कळते, आणि सर्किट बिघडले तर दुरुस्ती जिल्ह्याच्या बाहेर जाते. यांत्रिक सायरनचे विजेशिवायचे उत्तर त्याच्याच घराण्यात आहे: हाताने फिरवायचा सायरन. त्यात मोटरच्या जागी दातेरी चक्रांची जोडणी असते आणि मुठीच्या एका फेऱ्यात रोटरचे अनेक फेरे होतात. त्याचा पल्ला कमी असतो, एखादी वाडी किंवा गल्ली. पण त्याला इंधन म्हणून फक्त एक धडधाकट माणूस लागतो, आणि तो होडीतून, ट्रॅक्टरवरून कुठेही नेता येतो.

दुसरा आक्षेप मोबाईलचा. आता सरकारी इशारा थेट प्रत्येक फोनवर येतो, मग छतावरचे लोखंड कशाला? टॉवरलाही वीज लागते, हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर मोहित्यांच्या वडगावातूनच मिळते. तिथे रोज दीड तास फोन मुद्दाम बंद असतात. त्या वेळात गावाला गाठू शकेल असे साधन उरते ते भोंगाच. आणि हा दीड तास सोडला तरी रात्री दोन वाजता, उशाशी आवाज बंद करून ठेवलेल्या फोनवर, एकट्या माणसाला आलेला निरोप आणि सगळ्या गल्लीला एकाच वेळी दारात आणणारा आवाज यांत मोठे अंतर आहे. धोक्याच्या वेळी माणूस आधी शेजाऱ्याकडे पाहतो. शेजारीही उठलेला दिसला तरच तो घर सोडतो.

तिसरा आक्षेप असा, की भोंगा "जागे व्हा" म्हणतो, पण काय करा ते सांगत नाही. याला पुरावाही आहे. ८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाई बेटांतले लाहाइना शहर वणव्यात जळाले, शंभराच्या आसपास माणसे गेली, आणि तिथले सायरन वाजवलेच गेले नाहीत. ते न वाजवणाऱ्या अधिकाऱ्याचे म्हणणे होते, की तिथल्या लोकांच्या मनात सायरन म्हणजे त्सुनामी. ते डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच धावले असते. या घटनेवरून सायरन निरुपयोगी ठरवणारे अर्धाच निष्कर्ष काढतात. आवाजाला अर्थ एकच दिला गेला होता आणि बाकीचे अर्थ लोकांना कधी शिकवले गेले नव्हते, हा त्यातला पूर्ण निष्कर्ष. अर्थ यंत्रात नसतो, तो आधी बसून ठरवावा लागतो. वडगावने नेमके हेच केले: आधी बैठक, मग भोंगा. आणि नदीकाठच्या गावात अर्थ ठरवणे लाहाइनापेक्षा सोपे आहे, कारण इथे धोका एकाच दिशेने येतो आणि सुरक्षित जागा सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतात.

मे २०२५ मध्ये देशभर युद्धसज्जतेचे सराव झाले आणि कित्येक वर्षे गप्प असलेले सायरन वाजले. महाराष्ट्रात ते मुंबई, पुणे, नाशिक, तारापूर अशा ठिकाणी झाले. सातारा आणि सांगली त्या यादीत नव्हते, आणि ते योग्यच. आपला शत्रू विमानातून येत नाही. तो कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात साठतो, १०५ टीएमसीची क्षमता भरत आली की धरणाच्या सहा वक्र दरवाजांतून निघतो, कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतो आणि हरिपूरला वारणेचे पाणी घेऊन सांगलीची पातळी चढवतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. भूकंपापुढे भोंग्याचा काही इलाज नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले तेव्हा कोणतेही यंत्र कोणाला उठवू शकले नसते. महापुराचे तसे नाही. धरणाचे दरवाजे उचलण्यापूर्वी खालच्या वस्तीसाठी भोंगा वाजवण्याची रीत आहेच, आणि वरून सुटलेले पाणी सांगलीला पोचायला कित्येक तास घेते. पण या वेळात गावापर्यंत खबर येते ती क्युसेकच्या आकड्यांत: इतके दरवाजे इतक्या फुटांनी उचलले, पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक वेगळे. आकडे वाचणाऱ्याला त्यातून बोध होतो; ज्याची म्हैस गोठ्यात बांधलेली आहे आणि आई अंथरुणाला खिळली आहे त्याला "आता निघा" हा एकच शब्द हवा असतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसे बुडाली. एखादा भोंगा असता तर हे टळले असते असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण पाणी उंबऱ्याला लागण्याआधी निघालेल्या माणसाला बोट लागत नाही, एवढे निश्चित.

उरलेला आक्षेप सवयीचा: रोज वाजणाऱ्या भोंग्याकडे कान दुर्लक्ष करायला शिकतात. माझे मत उलट आहे. रोजच्या वेळेला वाजणारा आवाज कानात इतका पक्का बसतो, की तोच अवेळी वाजला तर झोपलेलाही उठून बसतो. शिवाय रोज वाजवणे ही त्या यंत्राची तपासणीही असते. रोज फिरणाऱ्या रोटरमध्ये घरटे होत नाही आणि बेअरिंग घासू लागले तर आठवडाभरात कोणाच्या तरी ध्यानात येते. अडचण एकच आहे आणि ती गंभीर आहे. रोजचा आणि धोक्याचा आवाज सारखा असता कामा नये. अभ्यासाच्या वेळेला सरळ एकसुरी आवाज आणि तोही थोडाच. वरखाली होणारा आवाज फक्त पाण्यासाठी राखून ठेवावा आणि दुसऱ्या कशासाठीही, मिरवणुकीसाठी तर नाहीच नाही, कधी वापरू नये. पावसाचे म्हणाल, तर पत्र्यावरच्या सरींचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, आणि सरकत जाणारा ठळक स्वर त्यातून बराच वेगळा उठतो. तरीही मुसळधारेत पल्ला घटणार हे धरूनच भोंग्याची जागा आणि संख्या ठरवावी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या घरी जाणारा माणूस आधीच नेमलेला हवा. हे काम कोणतेच यंत्र करत नाही.

पुढील पानांत वाचकाला रोटरचे आकार, खिडक्यांची प्रमाणे, ओतीव आणि पत्र्याच्या बनावटी, स्टार्टरच्या जोडण्या असे बरेच काही भेटेल. आवडीने वाचणाऱ्याने ते आवडीने वाचावे. कृष्णा, कोयना आणि वारणेच्या काठच्या ग्रामपंचायतीत बसणाऱ्या वाचकाला मात्र वेगळी विनंती आहे. गावात जुना सायरन असेल तर मृगाच्या आधी तो उतरवून घ्या, जाळी बदला, बेअरिंगला ग्रीस द्या, रोटर हाताने फिरवून पाहा, मोटर गावच्याच वायरमनकडून तपासून घ्या. हाताने फिरवायचा एक सायरन पंचायतीच्या कपाटात ठेवा आणि तो कोणी फिरवायचा त्या दोघांची नावे ठरवा. मग एका रविवारी दोन्ही आवाज गावाला ऐकवा आणि त्यांचे अर्थ चावडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवून टाका.